गोऱ्या बाईसाठी दिलेलं बयान

गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी ब्रह्मपुरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून जगातलं सगळं इंग्रजी मला कळतं असा आरमोरीजवळच्या आमच्या गावाचा समज आहे. बँकेची नोटीस, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, मोबाइलवर आलेला लॉटरीचा मेसेज, सगळं माझ्यासमोर ठेवतात आणि मी वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी चिडते, वाचते, आणि वाचून झाल्यावर पुन्हा चिडते. मी लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहते, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे असाही एक समज आहे. परदेशी बाई गावात आली तेव्हा तीसुद्धा अशीच माझ्यासमोर आणून ठेवली गेली.

ती आली होती वाघ बघायला. ताडोबाजवळ मोहर्लीला राहिली, सफाऱ्या केल्या, वाघ काही दिसला नाही. जिप्सी चालवणाऱ्या पोरानं तिची निराशा बघून सांगितलं की माझी बहीण दिली आहे त्या गावात बायका जंगलातल्या कोशाचं रेशीम काढतात, ते बघा. दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण ही बाई तिच्या देशात हातमागावर शाली विणून विकणारी. ती दोन बस आणि एक काळीपिवळी जीप बदलून थेट आमच्या अंगणात. देश युरोपातला, छोटासा. त्याचं नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून तिला जर्मनीची करून टाकलं. नावही तसंच. पहिल्या दिवसापासून ती गोरी बाई, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

कोशाचं काम आमच्या घरात वहिनीच्या माहेराहून आलं. भाऊ धानाची शेती करतो, वहिनी शेतीतून वेळ मिळेल तेव्हा आत खोलीत दार लावून सूत काढते. दार लावून अशासाठी की हे सूत मांडीवर काढतात. कोसे उकळून मऊ करायचे, चार-पाच कोशांचे तंतू एकत्र धरायचे, आणि लुगडं वर सारून उघड्या मांडीवर तळहातानं घासून त्यांना पीळ द्यायचा. वर्षानुवर्षं घासून मांडीचं कातडं जनावराच्या खांद्यासारखं निबर होतं. मधूनच सोलवटतं. मग खोबरेल लावायचं, दोन दिवस दुसरी मांडी वापरायची. वहिनीची मांडी मी एकदा तिच्या तापात पाहिली आणि पुन्हा पाहवली नाही.

गोऱ्या बाईनं ती पाहिली. बाई असल्यानं तिला आत घेतलं होतं. ती खाली फरशीवर बसून राहिली आणि बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. मला राग आला. पाहुणे रडतात आणि जातात, मांडी आमचीच राहते. तसं मी तिला माझ्या इंग्रजीत जवळजवळ बोललेही. ती म्हणाली, मी जाणार आहे, पण परत येणार आहे.

आणि ती आली, पुढच्याच हिवाळ्यात, पुन्हा टुरिस्ट व्हिसावर. आमच्या माडीवरच्या खोलीत उतरली. घरी परदेशी माणूस उतरला की घरमालकानं लगेच पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आरमोरीच्या कॅफेत बसून मी तो फॉर्म भरला, तिच्या पासपोर्टचा फोटो चढवला, आणि त्या दिवसापासून ती माझी जबाबदारी झाली. तिच्या जवळ एका यंत्राचं चित्र होतं. आरमोरीच्या वेल्डिंगवाल्याकडे बसून तिनं ते जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर बनवून घेतलं. पाय मारला की चाती फिरते, तंतूंना पीळ बसतो, सूत गुंडाळत जातं. मांडी लागत नाही.

यंत्र आमच्या ओसरीत ठेवलं. पहिल्या दिवशी सूत तुटत होतं, दुसऱ्या दिवशी जाड-बारीक येत होतं, आठवडाभरात वहिनीचा पाय बसला. गोऱ्या बाईला वाटलं की बायकांना जखमेपासून सुटका मिळाली म्हणून आनंद झाला. तो झाला होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती. वहिनी ओसरीत बसून सूत काढत होती. पदर नीट, लुगडं घोट्यापर्यंत, दार उघडं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. लग्न होऊन आल्यापासून ती हे काम बंद दाराआड करत होती. आता रस्त्यावरून जाणारा नात्यातला म्हातारा चुलतसासराही थांबून विचारत होता, काय चाललं सूनबाई, आणि तिला अंग चोरावं लागत नव्हतं. गल्लीतल्या बचत गटाच्या बायका पाळीपाळीनं यंत्रावर बसायला येऊ लागल्या, आणि शाळेला सुट्टी लागावी तशी त्या ओसरीला कळा आली.

गोऱ्या बाईनं मग मनातलं सांगितलं. अशी दहा यंत्रं, एक शेड, बायकांच्या हातचं सूत ती तिच्या देशात नेणार, विणणाऱ्यांना विकणार. वर्षातून काही महिने इथं राहून ती हे उभं करणार. तिनं घर विकायला काढलं होतं त्यासाठी. हे सगळं ती इतक्या सहज सांगत होती की मला वाटलं आता फक्त विटा आणायच्या बाकी आहेत.

घोडं अडलं व्हिसापाशी. परदेशी माणसाला दुसऱ्याच्या देशात धंदा काढायचा तर काय काय वाटा आहेत, हे विचारायला मी तिला घेऊन नागपूरला एका वकिलाकडे गेले. वकील तरुण होता, बोलायला नीट. त्यानं सांगितलं की टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसानं फिरायचं, फोटो काढायचे आणि घरी जायचं. तो व्हिसा इथल्या इथं बदलून धंद्याचा करता येत नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर इथल्या कुणी तरी तिला नोकरीवर ठेवावं लागेल, तेही भल्यामोठ्या पगारावर. तो आकडा ऐकून मी हसले. आमचं अख्खं गाव एकत्र झालं तरी एवढा पगार कुणाला देऊ शकलं नसतं. लग्नानं आलेल्यांचा व्हिसा वेगळा, तो विषय तिनं हातानंच बाजूला केला. राहिला बिझनेस व्हिसा. त्यासाठी इथं कंपनी नोंदवायची, त्यात भारतात राहणारा निदान एक डायरेक्टर हवा, भांडवल बाहेरून रीतसर यायला हवं, चिल्लर दुकानदारी चालणार नाही. मग तिनं मायदेशी जाऊन तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करायचा. ते विचारपूस करतील आणि ठरवतील.

उठताना वकिलानं एक गोष्ट बोट उगारून सांगितली. तोवर धंदा करायचा नाही. एक लडी विकायची नाही, कुणाला एक रुपया मजुरी द्यायची नाही. टुरिस्ट व्हिसावर धंदा केलात असं कुठे नोंदलं गेलं तर दार कायमचं बंद होईल असं समजा.

गोऱ्या बाईनं हे अक्षरशः पाळलं. इतकं की माझंच डोकं उठलं. त्या आधी ती बायकांसाठी चहा-पोहे आणायची, तेही बंद केलं. यंत्रावर निघालेलं सूत बायकांनी नेहमीच्या कोष्ट्याला विकलं, पैसे आपापल्या कमरेला लावले, हिनं त्या सुताला नंतर हातही लावला नाही. मी म्हटलं, चहाला काय होतं. ती म्हणाली, मला परत यायचं आहे.

गावानं मात्र वकिलाचं काही मनावर घेतलं नाही. गावाकडे स्वतःच्या वाटा होत्या. एकानं सुचवलं, आधार कार्ड काढून टाका, मग कोण विचारते. सरपंच रहिवासी दाखला द्यायला तयार होते, वर शिक्का मोठा मारतो म्हणाले. शेजारच्या आजीनं तिला दत्तक घ्यायचं ठरवलं. आणि गटातल्या एकीनं आपल्या बिनलग्नाच्या दिराचं नाव पुढे केलं, तो रोज संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून आमच्या अंगणातून उगाच जाऊ लागला. हे सगळं मला इंग्रजीत सांगावं लागायचं. ती पोट धरून हसायची आणि मग वकिलानं सांगितलेलं पुन्हा एकदा विचारायची.

डायरेक्टर म्हणून सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. पण मी अनुदानित कॉलेजातली नोकरदार, मला कंपनीत बसता येत नाही. भावाला विचारलं तर तो म्हणाला की मले बैल समजते, कंपनी समजत नाई, आणि शेतावर निघून गेला. मग गोऱ्या बाईनं वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी चौथी शिकलेली. ती आधी हसली, मग पदर तोंडात धरला, मग म्हणाली की सही येते मले. तिची सही म्हणजे नाव मोठ्या अक्षरांत, एकेक काना सावकाश. पॅन कार्ड आलं, कंप्युटरवरची सही करायचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा आला. तो तिनं देव्हाऱ्यात ठेवला. भाजीवालीनं भाव वाढवून सांगितला की ती हळूच म्हणायची, डायरेक्टरले लुटता का जी. भाऊ वैतागायचा. मला मात्र तिचं ते ऐकायला फार आवडायचं.

गोऱ्या बाईची जायची वेळ मार्चात आली. माझ्या बारावीच्या परीक्षा सुरू होत्या, पर्यवेक्षण, मग पेपरांचे गठ्ठे, मी सकाळी निघायची ती दिवेलागणीला घरी. त्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून जीप आमच्या फाट्यावर थांबली, मी खाली उतरले आणि समोर बघितलं. चौकात विजेच्या खांबाला आणि चिंचेला बांधून एक फ्लेक्स लावला होता. पुरुषभर उंच. मधोमध गोरी बाई आमच्या यंत्रावर बसलेली, भोवती गटातल्या सगळ्या बायकांचे फोटो गोलात, वहिनीचा सगळ्यांत मोठा, खाली डायरेक्टर असं लिहिलेलं. आणि वर लाल अक्षरात, गावातील महिलांना रोजगार मिळवून देणाऱ्या परदेशी उद्योजिका यांचे हार्दिक अभिनंदन.

महिला दिन होता. बचत गटानं शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला होता. गावात कुणी दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, कुणाचा वाढदिवस असला तरी लागतो, मग ज्या बाईनं आपल्याला दाराबाहेर आणलं तिचा लावायचा नाही तर कुणाचा. पैसे सगळ्यांनी मिळून घातले होते. गोरी बाई खांद्यावर शाल घेऊन फ्लेक्सखाली हसत उभी होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

मी घरी जाऊन बायकांना बोलावलं आणि फ्लेक्स काढा म्हटलं. वकील काय म्हणाला ते पुन्हा सांगितलं. रोजगार हा शब्द तिथं नको, उद्योजिका नको, ती इथं फिरायला आली आहे असंच दिसलं पाहिजे. एक जण म्हणाली की चांगलंच तर लिवलं आहे. दुसरीनं खाली मान घालून जे म्हटलं ते मी आजही विसरले नाही. म्हणाली, बाईचा फोटो नाई टाकला म्हनून त्याईले राग आला असन. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स तिथंच होता आणि कोपऱ्यात, घाईनं चिकटवलेला, माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो होता. मी हात जोडले आणि ब्रह्मपुरीची जीप पकडली.

गोरी बाई गेली. जाताना तिनं सगळ्यांना मिठ्या मारल्या, बायकांनी तिची ओटी भरली. यंत्र ओसरीतच राहिलं. तिनं तिकडे अर्ज केला, कंपनीचे कागद जोडले, वहिनीच्या सहीचं निमंत्रणाचं पत्र जोडलं. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची. वहिनी फोन यंत्रासमोर धरून सूत दाखवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या बराच वेळ बोलत.

वैशाखात चौकशी आली. तेंदूपत्त्याचे दिवस होते, बायका पहाटेच पानं तोडायला जंगलात जाऊन दुपारी परत येत, हातापायांना ओरखडे, डोक्यावर पुडक्यांचं ओझं. मला सुट्टी होती. मोटरसायकलवर एक हवालदार आला. माणूस आमच्याच भागातला, साधा, त्याला दिलेलं काम करत होता. म्हणाला, वरून पत्र आलं आहे, त्या परदेशी बाईबद्दल विचारपूस करायची आहे, संबंधित महिलांना बोलवा. मी पाणी दिलं आणि लगेच सांगितलं की ती इथं फक्त शिकायला आणि शिकवायला होती, कुणाला मजुरी दिली नाही, काही विकलं नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मला हायसं वाटलं.

मग बायका आल्या. पानं खाली टाकली, तोंडं पुसली आणि भिंतीला टेकून बसल्या.

आमच्या गावात चौकशी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. घरकुलाची चौकशी येते, शौचालयाची येते, बचत गटाच्या कर्जाची येते, कोंबड्या वाटपाची येते. साहेब विचारतो, लाभ मिळाला का. पहिल्यांदा ज्या बाईनं खरं सांगितलं होतं, की अर्ध्या कोंबड्या मेल्या, तिच्यामुळे पुढची योजनाच आली नाही असं गावात आजही सांगतात. तेव्हापासून बायकांनी एक गोष्ट पक्की धरली आहे. विचारायला कुणी आलं की लाभ मिळाला म्हणायचं, सगळं मिळालं म्हणायचं, थोडं वाढवूनच सांगायचं, म्हणजे पुढचा हप्ता येतो. नन्नाचा पाढा लावला की फाइल बंद.

हवालदारानं विचारलं, त्या बाईनं तुम्हाला काम दिलं होतं का. वहिनीनं पदर सावरला. ती डायरेक्टर होती, पहिलं उत्तर तिनंच द्यायचं होतं.

“देल्लं नं जी. लय काम देल्लं. रोज देत होती.”

मजुरी किती, त्यानं विचारलं. मी मधे बोलले, मजुरी नव्हतीच. वहिनीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी तिचं ताट ओढून घेते आहे. दुसऱ्या बाईनं माझी बाजू सावरायला म्हणून सांगितलं, “बाईले काय मालूम, त्या तं दिवसभर कॉलेजात राह्यतेत.” आणि मग सगळ्या बोलू लागल्या. दोनशे रुपये रोज. कधी अडीचशे. दिवाळीला साडी. एकीनं सांगितलं की सूत जर्मनीले पाठवत होती, बोरे भरून, म्हणजे पोतीच्या पोती. हे सांगताना तिचा चेहरा इतका प्रामाणिक होता की क्षणभर मलाच वाटलं, पोती गेली असतील. मी म्हणत राहिले की असं काही नाही. हवालदार म्हणाला, मॅडम, त्या सांगून राह्यल्या ते मले लिहा लागते. त्यानं लिहिलं, अंगठे आणि सह्या घेतल्या. वहिनीनं सही केली, एकेक काना सावकाश. मग त्यानं यंत्राचा फोटो काढला आणि जाताना चौकातल्या फ्लेक्सचाही.

तो गेल्यावर बायका खूश होत्या. गोऱ्या बाईचं काम आता झालंच, असं त्यांनी एकमेकींना सांगितलं. मी ओसरीत बसून राहिले. मला ओरडायचं होतं पण कुणावर ओरडू. त्यांनी तिच्यासाठी जे होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं, न मिळालेले पैसेसुद्धा दिले होते.

दोन दिवसांनी मी गडचिरोलीला गेले. वाटलं, अजून कागद इथंच असेल, समजावून सांगावं. पोलीस कार्यालयातल्या साहेबांनी मला बसवलं, ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले की कागद वर गेला. मी म्हटलं की बायकांनी प्रेमापोटी वाढवून सांगितलं, त्या दुसरं बयान देतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मॅडम, आता बयान बदललं तर खोटं बयान दिलं असा अर्थ होतो. त्यात तुमच्या वहिनी कंपनीच्या डायरेक्टर आहेत. पहिलं खरं धरलं तर त्या परदेशी बाई अडकतात, दुसरं खरं धरलं तर या अडकतात. तुम्हीच सांगा मी काय लिहू. मी पिशवी उचलली आणि बस स्टँडवर येऊन उसाचा रस घेतला, तोही संपवला नाही.

घरी आल्यावर कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या हिशेबी काम झालेलंच होतं. भावाला तेवढं मी सगळं सांगितलं. तो बैलांना पाणी दाखवत होता. बादली खाली ठेवून त्यानं ओसरीतल्या वहिनीकडे बघितलं. मग म्हणाला, “तिले नको सांगू. थे जीव देईन.”

व्हिसा नाकारल्याचं पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत कळलं. गोऱ्या बाईचा मेसेज मला ब्रह्मपुरीला स्टाफरूममध्ये आला. अर्ज नामंजूर. टुरिस्ट व्हिसावर असताना तिथं धंदा चालवल्याचं चौकशीत आढळलं, असं तिला तोंडी सांगण्यात आलं. पुन्हा अर्ज केला तरी हेच पुढे येणार, असंही. खाली तिनं विचारलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं? मी तर काहीच केलं नाही, तुला माहीत आहे. आणि मग पुन्हा एकदा, कुणी सांगितलं?

मी उत्तर लिहायला घेतलं. लाभ मिळाला का, हा प्रश्न तिला कसा समजावणार. मेलेल्या कोंबड्या कशा समजावणार. ज्या बायकांच्या मांड्या बघून तू रडलीस त्यांनीच, असं लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं की मला माहीत नाही. एवढं खोटं मीही बोलले, गावातल्या बायकांसारखं, कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून. तिचं राहतं घर तोवर विकलं गेलं होतं. ती बहिणीकडे राहत होती.

संध्याकाळी जीपमधून उतरून मी घरी न जाता बांधीवर, भावाच्या धानाच्या खाचराकडे गेले. बायका ओळीनं वाकून रोवत होत्या, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, लुगडी वर खोचलेली. वहिनी धुऱ्याच्या बांधापाशी येऊन उभी राहिली आणि तिच्या मांडीवरचा सूत घासून निबर झालेला काळा पट्टा दिसला. मधोमध ताजा लाल झालेला होता. पाऊस लागल्यापासून ओसरीत सूत ओलसर होत होतं, आणि यंत्राच्या चाकाचा एक दात तुटला होता. चित्र गोऱ्या बाईबरोबर गेलं होतं, आणि त्याशिवाय ते दुरुस्त करायचं वेल्डिंगवाल्याला कळत नव्हतं. गोरी बाई आली की करेल म्हणून बायकांनी ते तसंच ठेवलं होतं. पाणी लागू नये म्हणून चौकातला फ्लेक्स काढून त्यावर बांधला होता. आणि त्या पुन्हा आत जाऊन दार लावून बसू लागल्या होत्या, तिच्या येण्यापर्यंत.

मी सांगितलं की व्हिसा नाही मिळाला.

वहिनीनं हातातली रोपांची पेंडी खाली ठेवली नाही. तिच्या मागे ओळ थांबली. पाण्यात उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, इंग्रजी कागद पुढे ठेवल्यावर बघतात तशाच. वहिनीनं विचारलं, काऊन. मी म्हटलं, सरकारचे नियम असतात. तिच्या कपाळावरून चिखलाचा एक थेंब ओघळत नाकापर्यंत आला, तो तिनं मनगटानं पुसला.

“आमचं बयान कमी पडलं असन,” ती म्हणाली. “अजून एक डाव येऊ द्या म्हना चौकशीले. दोनशे नाई, पाचशे रोज देत होती म्हनून सांगू. समद्या सांगू.”

मागच्या बायकांनी माना हलवल्या. मी हो म्हटलं. कळवते म्हटलं. वहिनी वाकली आणि पुढचं रोप लावायला लागली, तिच्यामागं ओळही चालू झाली, आणि मी चपला हातात घेऊन धुऱ्यावरून घरी निघाले.